तुम्ही विचारलंत म्हणून : येशूने सरळ का सांगितले नाही?

मुंबईतल्या एका मराठी चर्चमध्ये रविवारच्या उपासनेनंतर भरणारा प्रौढांचा बायबल वर्ग मी बरीच वर्षे घेत आहे. वर्गात नव्याने आलेले लोक आणि माझे ख्रिस्ती नसलेले सहकारी मला एक प्रश्न हमखास विचारतात : देवाच्या राज्याविषयी एवढे महत्त्वाचे सांगायचे होते, तर येशूने ते सरळ का सांगितले नाही? पेरणारा, हरवलेले मेंढरू, द्राक्षमळा हे दाखले, म्हणजे बोधकथा, कशासाठी? बहुतेकांनी उत्तरही मनाशी ठरवलेले असते, की ऐकणारे साधे शेतकरी आणि कोळी होते, त्यांना सोपे जावे म्हणून. मीही पूर्वी हेच उत्तर देत असे. आज ते मला अपुरे वाटते.

मराठी माणसाला दृष्टान्त नवा नाही. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या दृष्टान्तांचे केसोबासांनी जे संकलन केले, त्या 'दृष्टान्तपाठा'त आधी सूत्र येते, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे कथेचा सिद्धान्ताशी घातलेला मेळ. कथा कशासाठी सांगितली याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात संदेह राहत नाही. येशूच्या दाखल्यांत मात्र पुष्कळदा दार्ष्टान्तिकाची जागा मोकळी असते. ती ऐकणाऱ्याने भरायची असते, आणि ती भरताना आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत हे त्याला कळून चुकते.

ही रीत येशूच्या आधीपासूनची आहे. दावीद राजाने उरीयाच्या बायकोला आपल्याकडे आणले आणि उरीया लढाईत मारला जाईल अशी व्यवस्था केली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतल्याची गोष्ट सांगितली. राजा संतापला; असे करणारा मरणदंडालाच पात्र आहे, असे म्हणाला. मग नाथानाने सांगितले, "तो मनुष्य तूच आहेस." थेट आरोप केला असता तर दावीदाने बचाव मांडला असता. गोष्ट ऐकताना तो न्यायासनावर बसलेला होता, म्हणून निकाल त्याच्याच तोंडून आला.

मला स्वतःला हे उमगले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या वृत्तान्तातील, विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यामुळे. मळ्याचा मालक पहाटे मजूर बोलावतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि दिवस संपायला तासभर उरला असताना पाचलाही बोलावतो, आणि संध्याकाळी सर्वांना सारखाच, एकेक दिनार देतो. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मी वर्गात नेहमी सांगत असे, की हा मालक म्हणजे देव आणि उशिरा आलेले मजूर म्हणजे उशिरा विश्वासात आलेले लोक. एका रविवारी, अनेक वर्षे नाक्यावर उभे राहून रंगकाम मिळवलेले एक गृहस्थ वर्गात होते. ते म्हणाले, "सर, नाक्यावर अकरापर्यंत कोणी नेले नाही तर आम्ही घरी परततो. संध्याकाळी पाचपर्यंत जो उभा राहतो, त्याच्या घरी काय परिस्थिती असेल?" तो दाखला मी कितीतरी वेळा शिकवला होता, पण त्या पाच वाजताच्या माणसाच्या घरी कधी गेलो नव्हतो. मालक त्याला विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? तो उत्तर देतो, कोणी आम्हांला कामावर लावले नाही म्हणून. मला दरमहा पगार मिळत होता, आणि माझी सहानुभूती आपोआप पहाटेच्या मजुरांकडे गेलेली होती.

त्या दिवसानंतर आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मजुरी शेवटच्यांपासून द्यावी, असे मालक मुद्दाम कारभाऱ्याला सांगतो. पहिल्यांना आधी देऊन वाटेला लावले असते, तर ठरलेला दिनार घेऊन ते समाधानाने गेले असते. शेवटच्यांनाही तेवढेच मिळताना त्यांना पाहावे लागले, म्हणून कुरकुर सुरू झाली. आणि आपल्या मनातील कुरकुर बाहेर यावी यासाठीच येशूने तो क्रम तसा रचला आहे, असे माझे मत आहे. 'देव उदार आहे' या विधानाला आपण सारे मान डोलावतो. त्या औदार्याचा आपल्याला राग येतो हे दाखल्याविना कळत नाही.

आता अवघड वचनाकडे वळतो, कारण त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू म्हणतो, की बाहेरच्यांना सर्व काही दाखल्यांनी सांगितले जाते, यासाठी की त्यांनी पाहावे पण त्यांना दिसू नये. हे शब्द येशूच्या आधीच्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातले आहेत. मत्तय तेथे 'यासाठी' ऐवजी 'कारण' लिहितो, आणि त्यामुळे धार थोडी बोथट होते. पण मार्काचे वाक्य मृदू करण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त प्रसंग पुन्हा वाचतो. येशू मचव्यात बसलेला आहे, किनाऱ्यावर मोठा समुदाय आहे, आणि पेरणाऱ्याचा दाखला सर्वांनी सारख्याच शब्दांत ऐकलेला आहे. उलगडा पुढे एकांतात होतो, आणि तोही विचारल्यानंतर. विचारणाऱ्यांत बारा शिष्यांखेरीज आणखी काही जण होते. मार्काने त्यांची नावे दिलेली नाहीत. ते येशूभोवती होते आणि त्यांनी विचारले, एवढेच लिहिले आहे.