मिसेस हडसनचे गुडघे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी "अजून एक जिलबी घ्या ना" म्हणून विषय बदलते.

प्रश्न असा असतो: "छान लिहिता की तुम्ही! मग स्वतःचं काही कधी लिहिणार?" मागच्या महिन्यात भाच्याच्या मुंजीत तिघांनी विचारला. चुलत दिरांनी तर हातात अक्षता असतानाच. वहिनी शेरलॉक होम्सच्या गोष्टी लिहितात असं त्यांच्या कानावर आलं होतं. "पण त्या तर त्या साहेबाने आधीच लिहिल्यात ना?" चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. वहिनींना हे कुणी कळवलंच नाही की काय!

कळवलंय. लंडनच्या या गुप्तहेराच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा, लेखक आर्थर कॉनन डॉयल. मी लिहिते त्याला फॅन फिक्शन म्हणतात. आवडत्या कादंबरीतली किंवा मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी हौसेखातर लिहिलेल्या गोष्टी. मानधन नाही, दिवाळी अंकात जागा नाही, आणि मुंजीत सांगण्यासारखं तर काहीच नाही.

पूर्वी मी मोरोपंतांना पुढे करत असे. बारामतीच्या पंतांनी एकट्याने १०८ रामायणं रचली म्हणतात, त्यांना कुणी विचारलं का, की पंत, स्वतःचं कधी? त्यातलं एक तर निरोष्ठ. म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ मिटायला लावणारी अक्षरं वर्ज्य. रामायण लिहायला बसायचं आणि 'राम' म्हणायची सोय नाही! असला खटाटोप निव्वळ हौसेशिवाय होत नाही. हा दाखला दिला की समोरचा गप्प बसतो. पण उत्तर मिळालं म्हणून नाही, मोरोपंतांपुढे काय बोलायचं म्हणून. आणि खरं सांगायचं तर पंतांचा नि माझा संबंध नाही. पंतांची रामावर भक्ती होती. माझी मिसेस हडसनवर भक्ती वगैरे नाही, माझा तिच्याशी एक हिशेब जुळत नाहीये. तीस वर्षं पतपेढीत काढलीत मी. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय आमच्याकडे कुणी घरी जात नाही.

मिसेस हडसन म्हणजे होम्सची घरमालकीण. बेकर स्ट्रीटवर तिचं घर, वरच्या मजल्यावर होम्स भाड्याने. मूळ कथांमध्ये तिला पहिलं नावसुद्धा नाही. दार उघडते, पाहुण्याचं कार्ड वर नेऊन देते, जेवण वाढते.

१८९३ च्या डिसेंबरात डॉयलने होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायकेनबाखच्या धबधब्यात संपवला. वाचक इतके चिडले की एका बाईच्या पत्राचा मायनाच 'राक्षसा' अशा थाटाचा होता. डॉयलने स्वतःच आत्मचरित्रात हे सांगितलंय. शेवटी १९०३ मध्ये त्याने होम्सला परत आणलं. कथेत तो धबधब्यात पडतो १८९१ साली आणि परत येतो १८९४ साली, म्हणजे होम्स तीन वर्षं 'मेलेला' होता. मारेकरी पाळतीवर असल्यामुळे तो आपल्या खिडकीत स्वतःचा मेणाचा अर्धपुतळा ठेवतो. मागे दिवा, पुढे पडदा. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, बसलाय खुर्चीत. तो स्वतः आणि त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन समोरच्या रिकाम्या घरात अंधारात दबा धरून. तेवढ्यात वॉटसन दचकतो, सावली हलली! हलणारच, होम्स सांगतो. मिसेस हडसन दर पाव तासाने पुतळा जरासा फिरवते आहे. दोन तासांत आठ वेळा, आणि तिची सावली पडू नये म्हणून पुढच्या बाजूने.

मग हवेच्या बंदुकीतून गोळी सुटते, ती झाडणारा कर्नल मोरॅन पकडला जातो. होम्स घरी येऊन विचारतो, काळजी घेतलीत ना? ती म्हणते, तुम्ही सांगितलं होतं तशी गुडघ्यांवर गेले. पुतळ्याचं डोकं फोडून भिंतीवर चपटी झालेली गोळी तिने गालिच्यावरून उचलून ठेवलेली असते, ती त्याच्या हातात देते. बस. तिचं काम संपलं. पुढे होम्स नि वॉटसन कर्नलसाहेबांच्या चरित्रावर बोलत बसतात.

शाळेत मराठी अनुवादात हे वाचलं तेव्हा मी होम्सच्या डोक्यावर खूश झाले होते. पुन्हा वाचलं ते चाळिशीत, 'गुडघ्यातलं वंगण कमी झालंय' असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात. आणि एकदम गाडी अडली.

एका फेरीला फार तर एक मिनिट. राहिली चौदा मिनिटं. अशी आठ वेळा. त्या चौदा-चौदा मिनिटांत ही बाई काय करत होती?

कारण बघा, त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला हा तीन वर्षांपूर्वी वारलेला भाडेकरू घरात येऊन उभा राहिलाय. तिला भीतीने झटकेच आले, असं होम्स अर्ध्या वाक्यात उरकतो. आणि रात्री तिने त्याच्या पुतळ्यापाशी रांगायचं, गोळी कुठल्या फेरीला येईल ते माहीत नसताना! बरं, मधल्या तीन वर्षांत त्याच्या भावाने, मायक्रॉफ्टने, खोल्या होत्या तशाच ठेवल्या होत्या. म्हणजे भाडं येत असणार. मेलेल्या माणसाच्या खोल्यांचं भाडं कोण भरतं, असं तिच्या मनात एकदाही आलं नसेल? माझ्या खातेदाराचं असं झालं असतं तर मी तिसऱ्या महिन्यात साहेबांच्या टेबलाशी गेले असते. आणखी एका कथेत होम्स मरणपंथाला लागल्याचं सोंग करतो आणि ही घाबरीघुबरी होऊन वॉटसनला बोलवायला धावते. ती कथा छापली १९१३ साली, पण घडते वॉटसनच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, म्हणजे धबधब्याच्या आधी. म्हणजे या माणसाने तिला मरणाचं नाव सांगून एकदा नव्हे, दोनदा फसवलंय. आणि तरी बाई गुडघ्यांवर जाते.

मग मी करून पाहिलं. हसा.

जुलैतला रविवार, बाहेर पाऊस. हॉलच्या खिडकीला चादर टांगली, स्टुलावर उशी, उशीवर कुकर, कुकरवर मुलीची लोकरी टोपी. मागे टेबललॅम्प. ह्यांना छत्री नि मोबाइल देऊन समोरच्या विंगच्या जिन्यात उभं केलं. पहिल्याच फेरीला फोन आला: "अगं, तुझं डोकं दिसतंय." गुडघ्यांवर ताठ उभं राहिलं की डोकं खिडकीच्या कट्ट्याच्या वर जातं. म्हणजे गुडघ्यांवर याचा अर्थ चक्क रांगत. दुसऱ्या फेरीला अंबाडा दिसला, तो सोडला. तिसऱ्या फेरीला मॅक्सीचा घोळ गुडघ्याखाली अडकून मी तोंडावर पडता पडता वाचले, आणि तेव्हा डोक्यात आलं की तिच्या अंगावर तर त्या काळचा घोळदार झगा असणार, आत आणखी परकर. पुतळा खालून एका हाताने फिरवायचा, तर बोटांचीही सावली पडते. पाचव्या फेरीपर्यंत तिकडे वॉचमनने ह्यांना दोनदा हटकलं होतं. सहाव्या फेरीनंतर डावा गुडघा बोलायला लागला.

आणि मी उठलेच नाही. खिडकीखाली भिंतीला पाठ लावून फरशीवर बसून राहिले. वर कुकरची सावली, हातात ह्यांचं घड्याळ. लक्षात आलं, तीही उठली नसणार. दोन तास ती तिथेच, गालिच्यावर, खिडकीखाली बसली होती. माझ्या त्या गोष्टीतलं पहिलं वाक्य फरशीवर बसूनच सुचलं.

एका प्रकाशनाच्या संपादकांनी ती गोष्ट वाचून सांगितलं, "उत्तम आहे, फक्त नावं बदला, इकडचं करा, आपण छापू." मी हुरळले, प्रयत्न केला. मिसेस हडसनची सदाशिव पेठेतली काशीबाई झाली, होम्सचा झाला एक तऱ्हेवाईक भाडेकरू. भाडेकरू कोण, तो मेला कसा, परत का आला, त्याला मारायला टपलेला माणूस पेठेत बंदूक घेऊन काय करतोय, यातच चार पानं गेली. काशीबाई खिडकीखाली पोचेपर्यंत वाचणारा दमला आणि मीही.

कीर्तनात रावण सीतेला नेणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून बुवा पर्णकुटीच्या दारात अर्धा तास थांबू शकतात. माझी गोष्ट वाचणारा असाच सगळं भोगून आलेला असतो. त्याला धबधबा सांगावा लागत नाही. मला थेट गालिच्यावर बसता येतं. दुसरी अडचण अशी की काशीबाई माझी, तिची चौदा मिनिटं मी ठरवीन तशी जाणार. ठरवली की संपलं. मिसेस हडसनची मला हुडकावी लागतात, आणि चुकले तर पोर्तुगालमधली कुणी अनोळखी बाई कथेतली ओळ काढून दाखवते की हे असं शक्य नाही.

चुकीवरून आठवलं. डॉयल स्वतः काही कमी नव्हता. वॉटसनला युद्धात लागलेली गोळी एका कादंबरीत खांद्यात आहे, दुसरीत पायात. त्याचं नाव जॉन, पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते. पतपेढीत असं चाललं असतं तर ऑडिटरने धरलं असतं. आम्ही चाहते अशा जागी पाल ठोकून राहतो.

माझं आणखी एक ठाणं मुंबईत आहे. पहिल्याच कादंबरीच्या पहिल्या पानांत वॉटसन अफगाण युद्धावर जाताना मुंबईला उतरतो. पुढे लगेच त्याची पलटण खिंडींपलीकडे गेलेली, तो तिच्या मागे. मुंबईत काय केलं, एक शब्द नाही. आणि त्या काळात काळ्या घोड्याला बिडाच्या सांगाड्याचं एक नामांकित हॉटेल होतं, वॉटसन्स हॉटेल. सांगाडा विलायतेत घडवून जहाजाने आणलेला, आणि हॉटेलच्या संस्थापकाचं नाव जॉन वॉटसन! इतकं आयतं ताट समोर आल्यावर मी कोण नाही म्हणणारी? माझ्या गोष्टीत डॉक्टर वॉटसन रजिस्टरवर नाव लिहितो आणि गल्ल्यावरचा माणूस आधी सही बघतो, मग ह्याच्याकडे, आणि खोली द्यायच्या आधी मालकाला विचारून येतो. इमारत अजून आहे, एस्प्लनेड मॅन्शन. एका शनिवारी मुद्दाम जाऊन समोर उभी राहिले होते. पार रया गेलीय.

माझी मुलगी या नादाला लागली ती बीबीसीच्या मालिकेमुळे, आजच्या लंडनमध्ये घडणाऱ्या. २०१२ च्या जानेवारीत त्यातला शेरलॉक हॉस्पिटलच्या गच्चीवरून पडला आणि पुढचा भाग आला २०१४ च्या १ जानेवारीला. मधली दोन वर्षं आमच्या घरी जेवताना तोच विषय. आधीच्या प्रसंगात तो एक रबरी चेंडू उडवत बसलेला दिसतो. तो काखेत दाबला तर मनगटाची नाडी थांबते, असा जगभरच्या चाहत्यांचा तर्क होता. मुलगी काखेत चेंडू धरून माझ्यापुढे मनगट करायची. "आम्ही शाळा बुडवायला काखेत कांदा ठेवायचो," मी सांगितलं, "तोही कधी चालला नाही." मालिका परत आली तेव्हा तिच्यात चाहत्यांचं एक टोळकंच दाखवलं होतं, असेच तर्क लढवणारं, आणि उलगड्यात चेंडूही होता. मुलगी सोफ्यावर उभी राहून ओरडली होती.

मला त्या मालिकेतला वेगळाच प्रसंग प्रिय. नशेत तर्र झालेल्या शेरलॉकला मिसेस हडसन गाडीच्या डिकीत कोंबून, पोलिसांची फौज मागे लावून, भरधाव आणते. झगझगीत लाल स्पोर्ट्‌स कार, आणि ती तिची स्वतःची! ते लिहिणारेही मूळचे चाहतेच, हे दिसतं. कुणीतरी तिचा हिशेब चुकता करत होतं. ते काम करणाऱ्या ऊना स्टब्स २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. मुलगी तेव्हा पुण्याला. तिचा फोन आला, "मम्मी, आपली मिसेस हडसन गेली गं." बराच वेळ दोघी नुसत्याच फोन धरून.

तर, दीर भावोजी, परवानगीचं म्हणाल तर तीही आहे. विल्यम जिलेट नावाच्या अमेरिकन नटाने होम्सवर नाटक रचलं आणि डॉयलला विचारलं, होम्सचं लग्न लावलं तर चालेल का? डॉयलने कळवलं, लग्न लावा, नाहीतर खून करा, काय हवं ते करा. त्या 'काय हवं ते'मध्ये मी बसते.

सध्या तीच गालिच्याची गोष्ट पुन्हा लिहायला घेतलीय, आठ फेऱ्यांची आठ प्रकरणं. सहा झाली. सातवीपाशी मुलीचं नि माझं जुळत नाही. तिचं म्हणणं, इतका वेळ कुणी नुसतं बसत नाही, ती खाली जाऊन चहा करून आणेल. मी म्हणते, जिना सतरा पायऱ्यांचा आहे, होम्सनेच मोजून सांगितलाय, त्याच्याखाली स्वयंपाकघर, विस्तव पेटता हवा, पाणी उकळायला हवं, आणि ते गुडघे घेऊन चौदा मिनिटांत परत खिडकीखाली. होत नाही. ती म्हणते, "तू वेळ लावून बघितलंस का?"

या रविवारी लिफ्ट न घेता खाली जाऊन येणार आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.