वाळूचा हिशेब : आमच्या फाउंड्रीची वाटचाल

आमच्या वडिलांनी 1992 साली बेळगावच्या उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये ओतकामाला, म्हणजे वितळलेले लोखंड साच्यात ओतून भाग बनवायला, सुरुवात केली. घराणे येळ्ळूरचे, भातशेतीचे. त्यामुळे जे आपल्या शेतात टाकणार नाही ते दुसऱ्याच्या बांधावर जाऊ द्यायचे नाही, हा नियम त्यांनी पहिल्यापासून घालून दिला. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग (ओतीव भाग) करणाऱ्या लहान फाउंड्रीत या नियमाचा सर्वाधिक संबंध येतो तो वाळूशी.

साच्यासाठी लागणारी ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती), कोळशाची पूड आणि पाणी यांचे मिश्रण. सुमारे 1400 अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस साच्यात उतरला की त्याला लागून असलेल्या थरातील बेंटोनाइट जळून निकामी होते. उरलेली वाळू चाळून, थंड करून, गरजेपुरते बेंटोनाइट व पाणी घालून पुन्हा वापरता येते. साचे बनवणारे आमचे जुने मोल्डर मूठभर वाळू दाबून तिचे दोन तुकडे करतात आणि तुटलेली कड स्वच्छ राहिली, तळहाताला चिकटली नाही, तरच ती साच्याला घेतात. आता ओलावा व ताकद मोजणारी उपकरणे आली आहेत, तरी ही मुठीची परीक्षा आम्ही चालूच ठेवली आहे, कारण वाळू जितकी सांभाळावी तितकी नवी कमी लागते आणि टाकाऊ कमी निघते. कोअरची, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या आतल्या साच्याची, रेझिनने बांधलेली वाळू मात्र शेकआउटच्या वेळीच (साचा फोडून कास्टिंग काढताना) शक्य तितकी वेगळी काढावी लागते. तिच्यातील फिनॉल (विषारी रसायन) पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत झिरपू शकतो.

टाकाऊ वाळू रात्रीच्या वेळी नाल्याकाठी रिकामी करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. पण पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की त्याचे पाणी शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात भातामध्ये शिरते, आणि पाण्यासोबत काय येते हे तिथल्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. म्हणून आमची वाळू पक्क्या फरशीवर, छपराखाली राहते आणि तपासून झाल्यावर सिमेंटचे ब्लॉक करणाऱ्यांकडे जाते. वाहतुकीचा खर्च आम्ही सोसतो.

पुढे कोकवर चालणारी क्युपोला भट्टी बंद करून विजेवरची इंडक्शन भट्टी घेतली. शेडमधला धूर आणि राख कमी झाली. मात्र एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते आणि ती भट्टी छतावरच्या सौर पॅनेलवर चालत नाही. पॅनेलवर आमचे दिवे, पंखे आणि ऑफिस चालते, त्याहून मोठा दावा आम्ही करत नाही. याच कारणाने रिजेक्शन, म्हणजे सदोष कास्टिंग बाद होणे, हा आमच्या दृष्टीने पर्यावरणाचा विषय आहे : सच्छिद्र निघालेले एक कास्टिंग पुन्हा भट्टीत टाकले की तितकीच वीज, तितकाच साचा आणि तितकेच श्रम दुसऱ्यांदा खर्ची पडतात. रनर-रायझरची (साच्यात रस नेणाऱ्या व पुरवणाऱ्या वाटांची) मापे सुधारून आणि ओतण्याचे तापमान प्रत्येक लॅडलला (रस ओतायच्या भांड्याला) नोंदवून जे वाचते, ते गाजावाजा न होता वाचते, आणि लहान कारखान्याच्या हातात सर्वांत जास्त तेच असते.

कंपनी कायदा 2013 मधील सामाजिक दायित्वाच्या तरतुदी मोठ्या कंपन्यांना लागू होतात, आमच्यासारख्यांना नाही. मात्र शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातील पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केल्यापासून त्यांच्या पुरवठादारांकडेही प्रश्नावल्या येऊ लागल्या आहेत, आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. अपेक्षा एवढीच, की वाळूची विल्हेवाट विचारणाऱ्या कंपनीने तिचा खर्च किलोमागच्या दरात धरावा. एका गिऱ्हाईकाने दर इतका खाली आणायला सांगितले, की वाळू कुठेतरी टाकून दिल्याशिवाय तो जमला नसता. ते काम आम्ही सोडले. त्या तिमाहीत ओढाताण झाली, पण कामगारांपैकी कोणालाही कमी केले नाही.

रेझिन वाळू भाजून पुन्हा वापरण्याजोगी करणारा थर्मल रिक्लमेशन प्रकल्प एकट्या लहान फाउंड्रीला परवडत नाही. उद्यमबाग आणि मच्छे येथील काही कारखानदारांशी सामायिक प्रकल्पाबाबत आमची बोलणी सुरू आहेत. जागा कोणाची आणि प्रत्येकाची वाळू वेगळी कशी मोजायची, हे दोन प्रश्न सध्या सोडवायचे आहेत.