जड म्हणून वेगवान? ध्वनीच्या बाबतीत तसं नसतं

'घनता जास्त, म्हणून ध्वनीचा वेग जास्त' हे शाळेपासून डोक्यात बसलेलं समीकरण चुकीचं आहे. शिसं अ‍ॅल्युमिनियमच्या चौपट जड. तरी शिशात ध्वनी सेकंदाला सुमारे २,२०० मीटर जातो, अ‍ॅल्युमिनियममध्ये ६,३०० मीटर.

वेग वाढवतो तो ताठरपणा, म्हणजे दाबलेला पदार्थ किती जोरात मूळपदावर येतो ते. घनता उलट वेग कमी करते, कारण जड कण हलायला वेळ लावतात. पोलाद हवेच्या साडेसहा हजार पट जड, पण ताठर सुमारे १९ लाख पट. म्हणून २० अंश सेल्सिअसला हवेत ३४३ आणि पोलादात ५,९०० मीटर. पाणी मध्ये कुठेतरी, १,४८० वर.

हे आकडे कामाला येतात ते अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज वापरताना, म्हणजे धातूत ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून जाडी काढणारं उपकरण. गेज जाडी मोजत नाही, वेळ मोजतो. १० मिलिमीटर पोलादी पत्र्यातून प्रतिध्वनी परतायला ३.४ मायक्रोसेकंद लागतात. त्याला वेगाने गुणून निम्मं केलं की जाडी. वेग पोलादाचाच ठेवून अ‍ॅल्युमिनियम मोजलं तर १०च्या जागी ९.४ दिसतील. बिडाचा वेग तर त्यातल्या ग्रॅफाइटनुसार बदलतो, तिथे तक्त्यातला आकडा घेऊच नये. त्याच बिडाचा माहीत जाडीचा तुकडा घेऊन गेज जुळवावा.

प्रोबखाली, म्हणजे गेजच्या धातूवर टेकवायच्या टोकाखाली, मधली हवा घालवायला जेल हवंच. हवेतून पोलादात शिरताना ध्वनीच्या ऊर्जेचे लाखात जेमतेम ३-४ भाग आत जातात, बाकी सगळी परत फिरते. गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने आधी काढा. त्यांच्याखाली हवा अडकते आणि आकडा नाचत राहतो.

पातळ पत्र्यावर गेज कधी पहिला प्रतिध्वनी सोडून दुसरा पकडतो, मग २ मिलिमीटरचे ४ दिसतात. आकडा बरोबर दुप्पट वाटला की तेवढ्याच जाडीच्या नमुन्यावर खात्री करा.

सगळ्यात घातक चुका जाडी वाढवून दाखवणाऱ्या, कारण त्या झीज लपवतात. रंगात ध्वनी पोलादाच्या निम्म्याहून कमी वेगाने जातो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा रंग एक मिलिमीटरहून जास्त पोलाद भासतो. तापलेल्या पाइपचंही तेच: तापमान साधारण ५५ अंशांनी वाढलं की पोलादातला वेग सुमारे एक टक्का घटतो आणि झिजलेली भिंत तेवढीच जास्त जाड दिसते.