मणिमहेशची वारी : गद्दी लोकांच्या खोऱ्यातून चालताना

आमच्या दिंडीतल्या काही जणांचं बरेच दिवस चाललं होतं की आषाढी तर करतोच, एकदा हिमालयातली पायी यात्रा पण करू. केदारनाथ, अमरनाथ सगळ्यांच्या तोंडी होतं, मी मात्र मणिमहेशच, म्हणजे हिमाचलमधलं शंकराचं तळं, धरून बसले आणि त्याचं कारण चर्पटीनाथ. ज्यांच्या घरी नवनाथांची पोथी वाचतात त्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. तेच चर्पटीनाथ हिमाचलमधल्या चंब्याच्या साहिल वर्मन राजाचे गुरू मानतात आणि चंब्यात त्यांचं देऊळ पण आहे. निवृत्तिनाथ-ज्ञानोबांची परंपरा नाथांचीच, मग आपण वारकऱ्यांनी तिकडे एकदा तरी जायला नको का?

पठाणकोटपर्यंत ट्रेन, तिथून बनीखेतवरून चंबा साधारण 120 किमी, आणि पुढे रावीच्या काठाकाठाने भरमौर अजून साठ-पासष्ट. हा शेवटचा रस्ता डोंगर कापून काढलाय, वर कडा आणि खाली खोल नदी, त्यामुळे रात्रीचा प्रवास अजिबात ठेवू नका. खडामुखला बुढील नदी येऊन रावीला मिळते, तिथून आपण बुढीलच्या खोऱ्यात शिरतो आणि सगळं बदलायला लागतं. देवदार, मक्याची उतरती शेतं, सफरचंदाच्या बागा, दगडी पाट्यांच्या छपरांची घरं, आणि मधेच ढग बाजूला झाला की एकदम बर्फाचं शिखर, बसमधल्या सगळ्यांचं बोलणंच थांबतं.

भरमौर म्हणजे जुनं ब्रह्मपूर, साधारण 920 च्या सुमारास साहिल वर्मनने राजधानी चंब्याला हलवेपर्यंत राज्य इथूनच चालायचं. गावाच्या मधोमध चौरासी नावाचं मंदिरांचं आवार आहे, 84 सिद्धांच्या नावावरून. बरेच यात्री तिथे पाच मिनिटं हात जोडून जीप पकडतात, मला हे फार खटकलं. लक्षणादेवीचं देऊळ तरी नीट बघा हो! बाहेरून साधं घरच वाटतं, पण दाराची लाकडी चौकट बघितली की पाय हलत नाही, एकात एक कोरलेल्या चौकटी, त्यात देव, गंधर्व, वेली. साधारण 7व्या शतकातलं, मेरुवर्मन राजाच्या काळातलं, आणि इथल्या पितळी मूर्ती घडवणाऱ्या कारागिराचं नाव मूर्तीवरच्या लेखात आहे, गुग्गा. तेराशे वर्षं लाकूड टिकलंय आणि कारागिराचं नावही. आवारातल्या शिवमंदिरासमोर खऱ्या बैलाएवढा धातूचा नंदी उभा आहे, लोक त्याच्या कानात सांगतात तसं आम्हीही सांगितलं.

इथली रीत अशी की आधी गावाच्या वर भरमाणी मातेच्या कुंडात स्नान करायचं, मग मणिमहेशला निघायचं. यात्रेचे मुख्य दिवस जन्माष्टमी ते राधाष्टमी, पहिलं छोटा न्हौण (म्हणजे स्नान) आणि दुसरं बडा न्हौण. आम्ही या दोन्हीच्या मधे गेलो, गर्दी होती पण चालता येत होतं. भरमौरहून 13 किमीवर हडसर, तिथे गाडीरस्ता संपतो आणि पुढे अजून 13 किमी पायी, सगळा चढ.

पहिला टप्पा धणछोपर्यंत, नाला सतत बाजूला गर्जत असतो आणि दर थोड्या अंतरावर लंगर. राजमा-भात, कढी, चहा, हाताला धरून बसवतात, नको म्हणायची सोयच नाही, पंढरीच्या वाटेवर गावंच्या गावं जेवायला घालतात त्याची सारखी आठवण येत होती. धणछोचा धबधबा मोठा आहे, भस्मासुर मागे लागला तेव्हा शंकर या पाण्याआड लपले असं सांगतात. तिथे मुक्काम करा, एका दिवसात वर-खाली करायच्या नादात लोक आजारी पडतात, तळं 4,080 मीटरच्या आसपास आहे आणि शरीराला हवेची सवय व्हायला वेळ लागतोच.

धणछोच्या जवळ एक म्हातारे गद्दी बाबा भेटले, मेंढ्या घेऊन खाली निघालेले; गद्दी म्हणजे इथली मेंढपाळ जमात. अंगात जाड लोकरीचा चोळा आणि कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे कितीतरी वेढे, त्याला डोरा म्हणतात. डोऱ्याच्या वर चोळ्याची झोळी होते आणि त्यातून एक कोकरू डोकं बाहेर काढून बघत होतं, पाय दुखावला होता त्याचा. आमच्याशी हिंदीत बोलले, "बैठो जी, आराम से जाओ", आणि लगेच नातवाकडे वळून गद्दीत काहीतरी सांगितलं. ती बोली पंजाबी-डोगरीच्या जवळची वाटते पण हेल अगदी निराळा, शब्द ओळखीचा वाटेपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. नातवाने उत्तर हिंदीतच दिलं, ते ऐकून मला कसंतरीच झालं. पूर्वी ही बोली टाकरी लिपीत लिहायचे, आता लिहिलीच तर देवनागरीत. पण तिचा खरा साठा गाण्यात आहे. घरात नुआला नावाची शंकराची पूजा असते, त्यात रात्रभर ऐंचली गातात, आपल्या जागरासारखं. गद्द्याला मेंढ्या शंकरानेच दिल्या असं ते मानतात, म्हणजे देव त्यांच्या घरातलाच. थंडीत मेंढपाळ कळप घेऊन खाली कांगड्याकडे उतरतात आणि देवही हिवाळ्याआधी पाताळात जातो, जाताना राज्य विष्णूकडे सोपवतो म्हणे, आणि तो दिवस जन्माष्टमीचा. हे ऐकून आमच्यातल्या काकूंनी तिथेच हात जोडले, पांडुरंगाच्या मस्तकी शिवलिंग आहे असं मानणारी माणसं आम्ही, आम्हाला ते लगेच पटलं.

धणछोनंतर चढ अंगावर येतो, झाडं संपतात, गवत आणि दगड उरतात. वर गौरीकुंडात बायका स्नान करतात आणि पुरुष शिव कलोत्रीला. भरमौरहून गौरीकुंडापर्यंत हेलिकॉप्टर पण असतं, ज्यांना चालणं शक्य नाही त्यांनी जरूर जावं, पण धडधाकट माणसाने नको, कारण हे खोरंच मग हातातून निसटतं. शेवटचा थोडा रस्ता आणि समोर तळं, इथे त्याला डल म्हणतात. आकाराने लहानच, काठावर छप्पर नसलेल्या जागी शंकराची मूर्ती, आजूबाजूला लोकांनी वाहिलेले त्रिशूळ, आणि वर 5,653 मीटरचं मणिमहेश कैलास शिखर. 1968 मध्ये त्यावर चढायचा प्रयत्न झाला होता, तो फसला आणि इथल्या माणसांना त्याचं नवल वाटत नाही. राधाष्टमीच्या वेळी सचुईं गावचे चेले, म्हणजे शंकराचे भगत, डल पार करतात, तो मान त्यांचाच.

पावसाचं मात्र हलक्यात घेऊ नका, 2025 च्या ऑगस्टमध्ये रस्ते तुटून हजारो यात्री भरमौरला अडकले होते. हातात चार दिवस जास्तीचे ठेवा, रोख पैसे ठेवा, प्लास्टिक खाली परत आणा. आणि जमलं तर परतताना हडसरहून कुगतीला जाऊन या. खोऱ्याचं शेवटचं गाव, वर कार्तिकस्वामींचं देऊळ, आणि त्याच्या पलीकडच्या खिंडीतून लाहौलचे यात्री चालत मणिमहेशला येतात. देऊळ नोव्हेंबरअखेरीपासून बैसाखीपर्यंत बंद असतं, त्यामुळे यात्रेच्या दिवसांत गेलात तर दर्शन नक्की मिळेल.