सुर्ल्याची थंडी पाठीखालून येते
‘गोव्यात कसली आली थंडी?’ असे आयोजकाने फोनवर हसत सांगितले आणि आम्ही तिघेही डिचोलीचेच असल्यामुळे ते आम्हाला पटले. जानेवारीत साखळीमार्गे चोर्ला घाट चढून आम्ही सुर्ला भागातील एका खासगी जागेत तंबूत राहिलो. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच आहे, याचा विचार आम्ही केला नव्हता. माणशी दीड हजारांत ‘गादी-पांघरुणासह तंबू’ ठरला होता. प्रत्यक्षात गादी म्हणजे बोटभरही जाड नसलेली चटई निघाली, पांघरुणाचे दोनशे वेगळे आणि लाकडाच्या एका भाऱ्याचे पाचशे. अभयारण्याच्या रानातून लाकूड गोळा करता येत नाही, हे ठाऊक असल्यामुळेच हा भाव लावला जातो. ही लूट आहे.

जागेची निवड त्याहून वाईट होती. तंबू व्हाळाकाठच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, खोलगट भागात लावले होते. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतची गार, जड हवा उतारावरून सरकत नेमकी अशाच सखल जागी साचते. त्यामुळे शंभर पावले वर, उंचवट्यावर झोपलेला माणूस आपल्यापेक्षा उबेत असतो. पहाटे तीनला जाग आली तेव्हा छताला आतून टपोरे थेंब लोंबत होते आणि उशाचा सुती टॉवेल पिळण्याइतका भिजला होता. ते पाणी आमच्याच श्वासाचे होते, कारण थंडीच्या धास्तीने आम्ही सगळ्या झडपा घट्ट लावल्या होत्या. वरची एक झडप, जाळी लावून, उघडी ठेवावीच.

शेवटी गाडीतील पायपुसणी आणि जुनी वर्तमानपत्रे आणून चटईखाली पसरली, तेव्हा कुठे डोळा लागला. दोनशे रुपयांच्या पांघरुणाने जे साधले नाही ते या पायपुसण्यांनी साधले. म्हणून पांघरुणाआधी अंथरुणाची सोय पाहावी. फोमची जाड मॅट स्वतःची न्यावी, झोपण्यापूर्वी कोरडे कपडे घालावेत आणि गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायांशी ठेवावी.

राखणदार भला होता. “बाब, निखारे आत ठेवा, धूर नाही, काही होत नाही,” असे म्हणत तो शेगडीच घेऊन आला. आम्ही ती परत पाठवली. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला डोके जड झाल्याचे कळण्याआधीच शुद्ध हरपते. शेगडी तंबूत कधीही, दार उघडे ठेवूनसुद्धा, घेऊ नये.

तंबूची चेन खालपर्यंत लावावी आणि बूट आत ठेवावेत. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत जाणवतही नाही. पापण्या जड झाल्या, गिळताना अडले, तर पहाटेची वाट न पाहता 108 ला फोन करावा. फोन कुठे लागतो ते उजेडातच पाहून ठेवावे, आमच्या तंबूत तो लागत नव्हता. सुर्ला ज्या सत्तरी तालुक्यात आहे, तिथे 2015 मध्ये माकडतापाची साथ आली होती. हा रोग गोचिडीमुळे पसरतो, त्यामुळे पालापाचोळ्यावर बसू नये आणि परतल्यानंतर आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना सत्तरीच्या रानात गेल्याचे आवर्जून सांगावे.

दुसऱ्या दिवशीची भटकंती छान झाली. त्या जागी मात्र मी पुन्हा जाणार नाही, आणि मुलांना घेऊन तर कोणीही जाऊ नये. आयोजकाला फोनवर एवढेच विचारावे, की तंबू व्हाळापासून किती दूर आहे आणि चटई किती जाड आहे. तो पुन्हा हसला तर आगाऊ पैसे पाठवू नयेत.