प्रेसमधले संगणक विंडोज ११ वर नेताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट बंद होणार, हे आमच्या सांगलीच्या प्रेसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पण ऑक्टोबरचा मध्य म्हणजे दिवाळी अंकांची शेवटची झुंबड. तेव्हा मशीनला हात लावायची कोणाची छाती? म्हणून मालकांशी बोलून मी हे काम आषाढातच काढलं. लग्नपत्रिका संपल्या होत्या, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं अजून यायची होती.

आधी प्रत्येक संगणकावर 'पीसी हेल्थ चेक' चालवलं; मशीनला विंडोज ११ चालेल का, ते हा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम सांगतो. काहींना टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, नाही म्हणून नकार आला. खरं तर टीपीएम होतं, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होतं इतकंच. इंटेलच्या बोर्डावर ते 'पीटीटी' नावाने असतं, एएमडीवर 'एफटीपीएम'. चालू केलं, प्रश्न मिटला. एकाच्या डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती, ती 'एमबीआर२जीपीटी' कमांडने नव्या जीपीटी पद्धतीत बदलली. बॅकअप अर्थात आधीच घेतला होता.

सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर असलेल्या मशीनला मात्र उपाय नाही, विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी इंटेलमध्ये मोजके अपवाद सोडता आठव्या पिढीपासून सुरू होते. धडधाकट मशीन केवळ यादीत नाही म्हणून बाजूला काढायचं, हे मला अजूनही पटत नाही. अट चुकवायच्या युक्त्या आहेत, पण धंद्याच्या मशीनवर त्या नकोत. विंडोज १० चेच अपडेट पैसे भरून घ्यायचे तर संस्थांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. त्यापेक्षा त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली आणि ते बिलं, ईमेलला दिलं.

इथवरचं सगळं सोपं होतं. खरा घोळ मराठीचा.

एका मशीनवर विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती होती. विंडोज ११ ३२-बिटमध्ये येतच नाही, म्हणून फॉरमॅट करून नव्याने बसवलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेटर मॅडम म्हणाल्या, "दादा, अहवालाची पानं वाढलीत." फाइल मंगल फॉन्टमध्ये होती आणि नव्या विंडोजमध्ये मंगल आपोआप बसत नाही, त्याजागी दुसरा फॉन्ट आला आणि ओळी सरकल्या. सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घेतले, पानं जागेवर आली. कीबोर्डचंही तेच. विंडोजबरोबर मराठीला इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक या कळांच्या मांडण्या मिळतात; टाइपरायटरवर हात बसलेल्यांसाठी त्याच्यासारखा रेमिंग्टन वेगळा टाकावा लागला.

सगळ्यात चिवट निघालं पेजमेकर, म्हणजे पानं लावायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर. त्यातलं आमचं पंधरा-वीस वर्षांचं मॅटर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहे. ते फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर आले त्याला यूएसबीचं लॉक (जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली) लागतं आणि लॉकचा ड्रायव्हर इतका जुना, की 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय चालू असेपर्यंत विंडोज ११ त्याला दारात उभं करेना. ती बंद केली की लॉक चालतं, पण मग सुरक्षेसाठी एवढा खटाटोप केला कशाला? शेवटी एक मशीन विंडोज १० वरच ठेवलं, त्याची नेटची वायर काढली, आणि त्यावरून पीडीएफ पेनड्राइव्हने आणायची असं ठरलं.

माणसांचं म्हणाल तर कुरकुर अपेक्षेपेक्षा कमी झाली. स्टार्ट बटण डावीकडे नेलं तेव्हा निम्मी तक्रार संपली. आमचे ज्येष्ठ ऑपरेटर काका राइट क्लिकवर मात्र भडकले: "अरे, माझा नेहमीचा मेनू कुठं घातलास?" शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की तो येतो, हे दाखवल्यावर शांत झाले.

आता रिकाम्या वेळात जुनं मॅटर युनिकोडमध्ये बदलतोय. कन्व्हर्टर पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या अक्षरावर टाकतो, म्हणून प्रत्येक पान काका पुन्हा वाचतात. आधी दरवर्षी परत छापल्या जाणाऱ्या वस्तू घेतल्यात: पंचांगाची पानं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची प्रगतिपुस्तकं. बाकीचं गिऱ्हाईक मागेल तेव्हा.