सारखं युरिन इन्फेक्शन होत होतं, त्यातून कशी निघाले (माझा अनुभव)

तीन वर्षं हे चाललं. लघवीला जाऊन आलं की दोन मिनिटांत परत जावंसं वाटायचं, गेलं की चार थेंब आणि अशी आग की मी नळ घट्ट धरून बसायची. ज्यांना झालंय त्यांना वेगळं सांगायची गरज नाही.

मी शाळेत शिकवते. बायकांसाठी एकच बाथरूम आणि त्याची कडी तुटलेली, म्हणून सकाळी साडेसहाला घरून निघाले की दुपारी दीडपर्यंत जायचंच नाही, आणि जायचं नाही म्हणून पाणी पण प्यायचं नाही. एप्रिलमध्ये नागपुरात पारा ४२-४३ ला असतो आणि मी दिवसभरात चार ग्लास पाणी पिऊन राहिली होती. त्रास झाला की गल्लीतल्या मेडिकलमधून तीच पट्टी आणायची, तीन दिवस खायची, बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात. घरी कोणी म्हणे उष्णता आहे, सब्जा खा, जवाचं पाणी पी. कोणी म्हणे स्वच्छता ठेवत नसशील. ते फार लागायचं हो मनाला, म्हणून मी रोज दोनदा जाहिरातीतल्या त्या लिक्विडने धुवायला लागले.

एका वर्षात चार वेळा झालं, आणि पाचव्यांदा त्या पट्टीने काही फरकच पडेना. तेव्हा कुठे धंतोलीतल्या एका लेडी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलं विचारलं, कल्चर केलं का कधी? मी म्हटलं लघवी तपासली आहे एकदा. त्या म्हणाल्या ती साधी तपासणी, त्यात पस सेल्स म्हणजे पूच्या पेशी दिसतात, पण जंतू कोणता आणि कोणत्या औषधाने मरतो हे कल्चरमध्येच कळतं. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन धरतात आणि मग अंदाजाने गोळ्या खाणं बंद करायचं. आणि अँटिबायोटिक घ्यायच्या आधी सॅम्पल, नंतर नाही.

आता सॅम्पलचं सांगते, कारण इथेच मी चुकले. लॅबमधून निर्जंतुक डबी मिळते. साध्या पाण्याने लघवीची जागा धुवायची, सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली धार डबीत घ्यायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही. मी घेतली बरोबर, पण मे महिना, डबी अ‍ॅक्टिवाच्या डिकीत टाकली आणि जाता जाता बर्डीवर एक काम उरकलं, पोचायला दीड-दोन तास झाले. रिपोर्ट आला, मिश्र वाढ (म्हणजे एकाहून जास्त प्रकारचे जंतू), परत सॅम्पल द्या. डॉक्टर मॅडम म्हणाल्या एवढ्या गरमीत डबीतल्या डबीतच जंतू वाढतात, मग खरा कोणता ते कसं कळणार. दुसऱ्यांदा स्टीलच्या टिफिनमध्ये बर्फ भरला, त्यात पिशवीत गुंडाळलेली डबी ठेवली आणि सरळ लॅब गाठली.

सॅम्पल दिल्याबरोबर त्यांनी नायट्रोफ्युरॅन्टोइन हे अँटिबायोटिक चालू केलं, पाच दिवस, जेवणासोबत. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नको हे आधीच सांगितलं ते बरं झालं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: जंतू ई. कोलाय, एका मिलीलिटर लघवीत एक लाखाच्या वर. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एस किंवा आर. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे चालत नाही. मी तीन वर्षं जी पट्टी खात होते, नॉरफ्लॉक्सासिन, तिच्यासमोर आर. ते अक्षर पाहून मला रडू आलं.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. ई. कोलाय आपल्या आतड्यातच राहतो, बाईची मूत्रनळी जेमतेम चार सेंटीमीटरची, तेवढं अंतर तो सहज चढतो, आपण घाण असतो म्हणून नाही. उलट त्या लिक्विडने तिथले चांगले जंतू मरतात, ते आजपासून बंद. सोनोग्राफी केली, लघवी केल्यावर आत किती उरते ते पण पाहिलं, शुगर पाहिली, सगळं नॉर्मल. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखलं, उलटी झाली तर मात्र वाट पाहायची नाही, ते किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं.

मग त्यांनी वहीत लिहायला लावलं, कधी त्रास झाला आणि त्याच्या आधीचे दोन दिवस काय काय झालं. मी जुनं आठवून आठवून लिहिलं आणि दोनच गोष्टी निघाल्या, पेपर तपासायचे दिवस (म्हणजे लघवी दाबून धरणं) आणि नवऱ्याशी संबंध आल्यानंतरचे एक-दोन दिवस. हे लिहायला मला फार संकोच वाटला, पण त्यामुळेच उपाय सापडला. संबंधानंतर लगेच लघवीला जाऊन यायचं. त्यानेही नाही थांबलं तर त्या वेळेपुरती एक गोळी देता येते म्हणाल्या, मला अजून लागली नाही. माझ्या सासूबाईंना पण होत होतं, वय ६३, त्यांना मात्र पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनची क्रीम दिली आणि त्यांचं बरंच कमी झालं. म्हणून एकीचं औषध दुसरीला चालवू नका.

बरं वाटल्यावर मी म्हटलं परत कल्चर करून खात्री करू का? नको म्हणाल्या. त्रास नसताना जंतू दिसले तरी, गरोदर बाई सोडली तर, सहसा औषध द्यायचं नसतं, नाहीतर उगाच आर वाढत जातात. हे मला आधी पटलंच नव्हतं.

मुख्याध्यापिकांना मी स्वतः जाऊन सांगितलं, कडी आठ दिवसांत लागली. आता मधल्या सुट्टीत जातेच आणि दीड लिटरची बाटली शाळेतच संपवते. दहा महिन्यांत एकदाच झालं, तेव्हा आधी डबी, मग गोळी.

आता डोक्यात मुलगी आहे. सातवीत आहे, आणि तिची बाटली शाळेतून रोज भरलेलीच परत येते. काहून ग पीत नाहीस, विचारलं तर म्हणाली, आई, तिथलं बाथरूम घाण असतं. या शनिवारी पालकसभा आहे, तिथे मी हे बोलणार आहे.